डॉ. पॉल ब्रँड : बधिर पायांचा वैद्य

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाने एका शल्यवैद्याचे चरित्र लिहायला घ्यावे, हा थोडा अगोचरपणाच आहे. विभागातील सहकाऱ्यांनी तसे बोलूनही दाखविले. माझी बाजू एवढीच की, हे चरित्र माझ्याकडे ग्रंथालयातून आलेले नाही. ते आमच्या अण्णांच्या डाव्या पायातून आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर शाळामास्तर. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी टिळकवाडीत फेरफटका मारण्याचा नेम, आणि सोबतीला अकरा वर्षांचा मधुमेह. एका संध्याकाळी ते फिरून आले, पाय धुऊन झोपाळ्यावर बसले, आणि आईला फरशीवर तांबूस ठसे दिसले. चपलेच्या तळातून वर आलेला एक खिळा डाव्या करंगळीच्या मुळाशी चांगला रुतला होता आणि ते तसेच मैलभर चालत आले होते. दुखत नाही का, असे विचारले तर नाही म्हणाले. आणि खरोखरच दुखत नव्हते. आम्हा घरच्यांना त्यांच्या सोसण्याचे कौतुक वाटले! दीड महिन्याने ती करंगळी काढून टाकावी लागली. त्या अकरा वर्षांत दर तीन महिन्यांनी रक्त तपासले गेले, साखरेचे आकडे वहीत टिपले गेले. पण मोजे काढा, पाय दाखवा, असे त्यांना कोणी म्हटले नाही. आम्हालाही ते सुचले नाही.

नंतर एका तरुण डॉक्टरांनी त्यांचे पाय तपासले. खिशातून त्यांनी पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा एक आखूड धागा होता. अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला काही टेकल्याचे कळले की हो म्हणा, एवढे बजावले. मग ते अंगठ्याला, बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांना तो धागा टेकवीत, किंचित वाकवीत आणि उचलीत गेले. अण्णा गप्प. बऱ्याच वेळाने त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारले की तपासणी सुरू केव्हा होणार. ती तेव्हा संपत आली होती.

ते डॉक्टर वेल्लोरला शिकलेले. मी त्या धाग्याबद्दल खोदून विचारले तेव्हा त्यांनी पॉल ब्रँड हे नाव घेतले. कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे ब्रँड मला ऐकून ठाऊक होते. त्यांचा मधुमेहाशी काय संबंध, हे कळेना. तो शोधता शोधता हा लेख झाला.

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतील कोल्लीमलै डोंगरात झाला. आईवडील, एव्हलिन आणि जेसी ब्रँड, हे ब्रिटिश मिशनरी. वडिलांनी वैद्यकाचे शिक्षण जेमतेम वर्षभर घेतलेले; पण त्या डोंगरात दुसरा डॉक्टर नव्हता, तेव्हा दात उपटण्यापासून नारू ओढून काढण्यापर्यंत सर्व कामे त्यांच्याकडे येत. आमच्या भागातील वयस्कर मंडळींना नारू म्हणजे काय ते सांगायला नको. पायातून बाहेर डोकावणारा तो हातभर लांबीचा किडा काडीला गुंडाळून थोडा थोडा ओढावा लागे. लहानग्या पॉलला ते पू, रक्त पाहून इतकी शिसारी बसली की, काहीही होईन पण डॉक्टर होणार नाही, असे त्याने ठरवून टाकले. एकदा तीन अनोळखी माणसे डोंगर चढून आली. वडिलांनी हातमोजे घालून त्यांच्या पायांवर उपचार केले, आणि मुलांना मात्र जवळ फिरकू दिले नाही. त्या माणसांना ज्या टोपलीतून जेवण दिले ती टोपलीही जाळून टाकण्यात आली. पॉलने पाहिलेले ते पहिले कुष्ठरोगी.

नवव्या वर्षी, १९२३ साली, शिक्षणासाठी त्याला लंडनला आत्यामावश्यांकडे ठेवण्यात आले. वडिलांची भेट पुन्हा झाली नाही. १९२९ साली ते तापाने गेले. तार आधी पोचली. पण त्यांनी मृत्यूपूर्वी लिहिलेली पत्रे बोटीने येत असल्यामुळे ती पुढे काही आठवडे येतच राहिली. पंधरा वर्षांच्या मुलाने ती कशी वाचली असतील? आई मात्र पुढे त्याच डोंगराळ मुलखात परतली आणि वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, १९७४ साली, भारतातच वारली.

शाळा संपल्यावर पॉल कॉलेजात गेला नाही. तो गवंडीकाम आणि सुतारकाम शिकला. थोडीथोडकी नव्हे, चांगली पाच वर्षे. या गोष्टीकडे चरित्रकार कौतुकाने पाहून पुढे जातात, पण माझ्या मते ब्रँड यांचे पुढचे सारे काम या पाच वर्षांत आहे. भार कुठे पडतो, तुळई कुठे खचते, हे ज्याच्या हाताला कळते तो माणूस पुढे पायाच्या तळव्याकडेही त्याच नजरेने पाहील. भारतात जाऊन बांधकाम करायचे म्हणून ही तयारी होती. मिशनरी म्हणून जाण्यापूर्वी घेतलेल्या थोड्याशा वैद्यकीय शिक्षणात एका बेशुद्ध, पांढऱ्याफटक पडलेल्या स्त्रीला रक्त दिल्यावर तिच्या गालांवर रंग परत येताना त्यांनी पाहिला आणि लहानपणची शिसारी गेली. ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात दाखल झाले. बाँबवर्षावाच्या काळात जखमी हातपाय शिवीत त्यांचे शिक्षण पुरे झाले. १९४३ साली ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी वर्गभगिनी मार्गारेट बेरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाई पुढे कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांच्या नामवंत शल्यवैद्य झाल्या. १९४६ अखेर ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रियेचे अध्यापक म्हणून आले.

तिथून काही तासांवर चिंगलपटला डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांचे कुष्ठधाम होते. १९४७ साली ब्रँड तिथे पाहुणे म्हणून गेले. अस्थितज्ज्ञ आणि शल्यवैद्य या रोगाकडे ढुंकूनही पाहात नाहीत, ही कॉक्रेन यांची तक्रार होती. बागेतून फिरताना ब्रँड यांनी एका रुग्णाचा हात हातात घेतला. बोटे पक्ष्याच्या नखीसारखी आत वळलेली. त्यांनी त्याला आपला हात दाबायला सांगितले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना कळवळून हात सोडवून घ्यावा लागला. लुळा म्हणून समजला जाणारा तो हात पोलादासारखा बळकट होता! याचा अर्थ काही स्नायू पूर्ण निकामी आणि काही पूर्ण शाबूत. असे का, हे शोधण्यासाठी त्यांनी शेकडो हात तपासले. रुग्णाच्या मृत्यूनंतर मज्जातंतू उकलून पाहिले. हे तंतू त्वचेच्या अगदी जवळून, म्हणजे शरीराच्या थंड भागातून जातात तिथेच ते सुजलेले आढळले. कोपराखालचे मोठे स्नायू बहुधा चांगले राहात. तेव्हा एखाद्या चांगल्या स्नायूची कंडरा सोडवून ती निकामी बोटांना जोडावी, असे त्यांनी ठरविले आणि १९४८ पासून तशा शस्त्रक्रिया सुरू केल्या. मिटलेल्या मुठी उघडू लागल्या. त्यांपैकी काही जण थोड्या महिन्यांनी परत आले ते मात्र तक्रार घेऊन: सुधारलेल्या हातांना भीक मिळत नव्हती, आणि कुष्ठरोग्याला काम कोणी देत नव्हते. मग त्यांच्यासाठी एक लहानसे खेडे वसविले गेले आणि तिथे सुतारकाम शिकविले जाऊ लागले. शिकविणारे कोण, हे सांगायला नको.

इथपर्यंतची कथा शल्यवैद्याची आहे. माझ्या विषयाला खरी सुरुवात होते ती एका गंजलेल्या कुलपापासून. कोठाराचे कुलूप ब्रँड यांना काही केल्या उघडेना. जवळच उभ्या असलेल्या एका किरकोळ अंगाच्या, दहाबारा वर्षांच्या रुग्ण मुलाने किल्ली हातात घेतली आणि सहज फिरविली. ब्रँड यांना नवल वाटले. तोच जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ताही नव्हता. आपण जिथे दुखेल म्हणून थांबलो तिथे हा थांबला नाही, एवढाच काय तो दोघांच्या बळातला फरक.

त्या काळी सर्वत्र, डॉक्टरांतसुद्धा, अशी समजूत होती की कुष्ठरोगात मांस सडते आणि बोटे झडतात. ब्रँड यांनी प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक जखमेचा माग काढायला सुरुवात केली. पोलीस चौकशी करतात तशी. हा फोड कुठून आला? गरम पेल्यातून. ही जखम? हातोड्याच्या दांड्यातून. एक म्हातारा निखाऱ्यांत पडलेला बटाटा उघड्या हाताने काढताना त्यांनी स्वतः पाहिला. काही जणांच्या बोटांचे तुकडे मात्र रात्रीतून नाहीसे होत आणि त्यांचा उलगडा होईना. शेवटी पाळत ठेवली तेव्हा दिसले की झोपेत उंदीर येऊन बोटे कुरतडतात, आणि माणूस झोपलेलाच राहतो. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देण्याची पद्धत पडली. निष्कर्ष निघाला तो सरळ होता. मांस चांगलेच असते, जखम झाकून, भार काढून ठेवली तर इतरांच्यासारखीच भरते. रोग मज्जातंतू मारतो. हातपाय पुढे माणूस स्वतःच, नकळत झिजवून टाकतो.

अमेरिकेचा दौरा संपवून इंग्लंडात परतल्यावर एका रात्री लांबच्या रेल्वेप्रवासानंतर मोजा काढताना ब्रँड यांच्या ध्यानात आले की टाचेला काही कळत नाही. त्यांनी सुई घेऊन टोचली. काही नाही. आणखी खोल टोचली. रक्त आले, वेदना नाही. इतकी वर्षे कुष्ठरोग्यांत वावरलेल्या माणसाने त्यावरून काय समजायचे? रात्रभर ते कपड्यानिशी पलंगावर पडून राहिले. बायकोमुलांपासून दूर राहावे लागणार, काम संपले, असे हिशेब करीत. पहाटे त्यांनी पुन्हा सुई टोचली आणि या खेपेस ओरडले. प्रवासात अवघडून बसल्याने तंतू दबला होता, इतकेच. त्या टोचणीने झालेला आनंद ते जन्मभर सांगत. मला या प्रसंगात दुसरेही काही दिसते. बधिरपणाचा जगात सर्वांत जाणता असा हा डॉक्टर. पण त्यालादेखील आपली टाच बधिर झाल्याचे आपोआप कळले नाही, हात लागला तेव्हा कळले. नसलेली जाणीव जाणवणार तरी कशी? अण्णांना आम्ही उगाच दोष देत होतो.

१९६० साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. १९६६ साली ते अमेरिकेत लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या कार्व्हिल येथील सरकारी कुष्ठरुग्णालयात पुनर्वसन विभागाचे प्रमुख म्हणून गेले. तेथील कुष्ठरोगी मोजकेच. पण आसपासच्या मधुमेही रुग्णांचे पाय त्यांनी पाहिले आणि ते चकित झाले. तेच व्रण, त्याच जागी. अंगठ्याच्या मुळाखाली, करंगळीच्या मुळाखाली, जिथे चालताना भार जास्त पडतो तिथे. त्या देशातील बहुतेक डॉक्टर मधुमेहाच्या पायाचा सारा दोष रक्तपुरवठ्यावर टाकीत आणि पाय कापणे अटळ मानीत. ब्रँड यांनी हात लावून पाहिला तर यांतील पुष्कळ पाय उबदार होते, म्हणजे रक्त पोचत होते. पोचत नव्हती ती वेदनेची वर्दी.

इथे ब्रँड यांची बाजू थोडी ताणली गेली, असे मला वाटते. मधुमेहात रक्तवाहिन्याही बिघडतात. पायाची नाडी तपासल्यावाचून केवळ तंतूंचा विचार करून चालत नाही. दोन्ही रोगांची वाटही निराळी. कुष्ठरोगाचे जंतू थंड जागचे तंतू गाठतात. मधुमेहात वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने सर्वांत लांब तंतू आधी खंगतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो. कुणाला आग होते, मुंग्या येतात. पण सुमारे निम्म्या लोकांना काहीच जाणवत नाही, आणि धोका त्यांनाच अधिक. असे असले तरी ताणलेल्या त्या बाजूनेच काम झाले, हे मान्य करावे लागते.

कार्व्हिलला त्यांनी जे केले ते पदार्थविज्ञानाच्या वर्गात सांगण्याजोगे आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. व्रण झालेल्या पायाला तळव्याशी सर्वत्र चिकटून बसणारे प्लास्टर घातले की भार एका बिंदूवरून सबंध तळव्यावर पसरतो आणि माणूस चालता चालता बरा होतो. ही युक्ती मूळची त्यांची नव्हे. सिलोन आणि भारतातील कुष्ठरोगाच्या डॉक्टरांनी ती आधी वापरली होती. मधुमेहाच्या पायांपर्यंत तिला नेले ते ब्रँड यांनी. उष्णतेची चित्रे घेणारे यंत्र लावून, व्रण फुटण्यापूर्वी ती जागा तापते, हे त्यांनी दाखविले. स्वतः धावून त्यांनी आपले तळवेही यंत्रापुढे धरले: निरोगी माणूस दुखू लागले की नकळत पावलाची ठेवण बदलतो, बधिर पाय मात्र पहिल्या पावलासारखेच शेवटचे पाऊल टाकतो. त्यांनी कृत्रिम वेदनेचाही प्रयत्न केला. हातमोज्यांत आणि बुटांत दाब मोजणारी साधने बसविली; दाब वाढला की कानात शिटी वाजे. तो फसला. शिटी वाजली तरी हाती घेतलेले काम रुग्ण पुरे करूनच थांबत; मग विजेचा झटका देऊन पाहिला, तर ते बटण बंद करू लागले. दुखणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपवून चालत नाही.

आता तो धागा. स्पर्श किती हलका असता कळतो हे मोजण्यासाठी जर्मनीत माक्स फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घोड्याचे केस वापरले होते. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील जोसेफीन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी, डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांच्या अभ्यासासाठी, त्यांच्या जागी ठराविक जाडीचे नायलॉनचे धागे आणले. यातील खुबी ऑयलर यांच्या स्तंभाच्या सूत्रात आहे. बारीक स्तंभावर भार वाढवीत गेले तर एका ठराविक बलाला तो वाकतो, आणि वाकल्यावर हात कितीही पुढे रेटला तरी बल फारसे वाढत नाही. त्यामुळे डॉक्टर जड हाताचा असो की हलक्या, तळव्यावर पडणारे बल तेच. ५.०७ क्रमांकाच्या धाग्याचा हा क्रमांक म्हणजे मिलिग्रॅमच्या दशांशांत मोजलेल्या बलाचा लॉगॅरिदम होय. गणित करून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर पावणेबारा ग्रॅमच्या आसपास येईल. व्यवहारात मात्र त्याला दहा ग्रॅमचा धागा म्हणतात. (बल ग्रॅममध्ये सांगितल्याबद्दल परीक्षेत मी गुण कापीन, हे वेगळे.) कार्व्हिलच्याच दोघा संशोधकांनी १९८६ साली कुष्ठरोगी आणि मधुमेही असे दोन्ही पाय तपासून दाखविले की, ज्यांना तळव्याचे व्रण झाले होते अशा कुणालाही हा धागा कळत नव्हता. ब्रँड त्याच वर्षी तेथून निवृत्त झाले. १९९२ पासून कार्व्हिलने पाय वाचविण्याची मोहीम काढून हे धागे देशभर वाटले. अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयात तर त्याआधीच पायांची नियमित तपासणी सुरू झाली होती आणि तेथे पाय कापण्याचे प्रमाण निम्म्यावर आले होते.

आज या धाग्याबरोबर १२८ कंपनांचा नादकाटा हाडावर टेकवून कंप कळतो का पाहतात, टाचेमागची प्रतिक्षिप्त क्रिया पाहतात. प्रौढपणी मधुमेह निघाला तर निदानाच्या दिवशीच, आणि लहान वयातल्या इन्सुलिनवरच्या मधुमेहात पाच वर्षांनी, व मग दरवर्षी ही तपासणी व्हावी असा दंडक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आमच्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील माझे स्नेही सांगतात की त्यांच्याकडे सक्करे कायिले म्हटले की लोक जिभेचा विचार करतात, पायाचा नाही. मराठीतही त्याहून वेगळे नाही.

निवृत्तीनंतर ब्रँड सिअॅटलला राहिले. वेदनेवर त्यांनी फिलिप यान्सी यांच्याबरोबर पुस्तक लिहिले. ते १९९३ साली निघाले. ८ जुलै २००३ रोजी ते वारले. कार्व्हिलचे रुग्णालय त्याआधीच, १९९९ साली, तेथून हलविण्यात आले होते.

२०११ साली इंग्लंडातील इप्सविच येथील डॉक्टरांनी धाग्याचीही गरज नसलेली एक घरगुती पद्धत तपासून मांडली. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने क्षणभर हलके टेकायचे. दाबायचे नाही, चोळायचे नाही. रविवारी सकाळी मी अण्णांचे पाय मांडीवर घेऊन हे करतो. डाव्या पायाला आता दोनच बोटे मोजायची. प्रथम त्यांना मुलाने पायाला हात लावून बसणे अवघड वाटे. आता ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून डोळे मिटतात. चपला मी आतून हात घालून पाहतो. उजवा अंगठा कधी कळतो, कधी कळत नाही. पुष्कळदा ते हो म्हणतात तेव्हा मी अजून बोट टेकविलेलेच नसते.